पेटंटांचे खुले भांडार : शोध कसा घ्यावा?



भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला हे गाव आहे. या गावाची ओळख तेथील मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे आहे. नागपूरला मुख्य कार्यालय असलेली 'मॉइल' ही सरकारी कंपनी ती चालवते. त्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे या कंपनीची उघडी खाण आहे. तिच्यातून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज विजेरीत घालावयाचे कोरडे विद्युत घट बनविणाऱ्या कारखान्यांना जाते.

आता एक प्रश्न विचारू या. जमिनीतून निघालेला हा काळा दगड पोलादाला चिवटपणा देतो आणि विजेरीचा दिवा पेटवायला मदत करतो, हे माणसाने कसे साधले? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर चार ओळींत मिळते. पण ज्याने ते साधले त्याने स्वतः ते कसे लिहून ठेवले, कोणते पदार्थ किती घेतले, आकृती कशी काढली, हे पाहायचे असेल तर? ते लिहून ठेवलेले आहे, छापलेले आहे, आणि आज ते फुकट वाचता येते. चिखल्याच्या विद्यार्थ्याला जे कागद वाचता येतात, तेच म्यूनिक किंवा टोकियोच्या शास्त्रज्ञाला वाचता येतात. हे कागद म्हणजे पेटंटे होत. या लेखात आपण ती शोधावी कशी आणि वाचावी कशी, हे शिकणार आहोत.

उघडपणाचा सौदा

पेटंटाला मराठीत 'एकस्व' असा शब्द आहे. एखादी वस्तू किंवा कृती नवी असेल, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारी नसेल आणि उद्योगात उपयोगी पडणारी असेल, तर तिच्या शोधकाला सरकार काही वर्षांपुरता हक्क देते. त्या मुदतीत त्याच्या परवानगीवाचून इतरांना ती वस्तू बनविता किंवा विकता येत नाही. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे.

पुष्कळांना पेटंट म्हणजे गुपित वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हक्काच्या बदल्यात शोधकाने आपला शोध इतक्या स्पष्टपणे लिहून द्यावा लागतो की, त्या विषयाचा जाणकार माणूस ते वाचून ती वस्तू बनवू शकेल. सर्वसाधारणपणे अर्जानंतर १८ महिन्यांनी हा मजकूर प्रसिद्ध होतो. मुदत संपली की तो शोध सर्वांचा होतो. म्हणजे हा समाज आणि शोधक यांच्यातील सौदा आहे. समाज आपली बाजू पाळतो. पण मिळालेला मजकूर कोणी वाचलाच नाही, तर सौद्यातील समाजाचा वाटा वायाच जातो.

आपल्या देशात हा व्यवहार जुना आहे. १८५६ च्या कायद्याखाली पहिला हक्क त्याच वर्षी ३ मार्च रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डी पेनिंग याने मागितला. त्याचे यंत्र होते छताला टांगलेला पंखा ओढण्याचे! आजचा आपला कायदा १९७० चा असून तो १९७२ पासून अमलात आहे, आणि त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत.

पेटंटाचे चार भाग

कोणतेही आधुनिक पेटंट हाती घेतले तर त्याचे चार भाग दिसतात. पहिले पान हे ओळखपत्र होय. त्यावर क्रमांक, तारखा, शोधकाचे नाव, मालकाचे नाव, शोधाचे शीर्षक, वर्गाचा संकेतांक आणि थोडक्यात सारांश असतो. दुसरा भाग वर्णनाचा. त्यात पूर्वी काय होते, त्यात कोणती उणीव होती आणि नव्या शोधाने ती कशी दूर झाली, हे सांगितलेले असते. विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी भाग हाच. तिसरा भाग आकृत्यांचा. आकृतीतील प्रत्येक भागाला अंक दिलेला असतो आणि वर्णनात तोच अंक येतो. चौथा भाग दाव्यांचा.

दावे म्हणजे शेताच्या बांधासारखे. हक्क कोठपर्यंत आहे, हे फक्त दावेच ठरवितात. समजा, एका तिपाईच्या पेटंटात दावा असा आहे : 'एक बैठक, तिला जोडलेले तीन पाय, आणि प्रत्येक पाय आत दुमडता येईल अशी बिजागरी असलेली तिपाई.' या वाक्यात तीन अंगे आहेत. तुमच्या तिपाईला बैठक आहे, तीन पायही आहेत, पण बिजागरी नाही. तर ती या दाव्यात शब्दशः बसत नाही. म्हणून दावा वाचताना त्याचे तुकडे पाडून कागदावर एकाखाली एक लिहावेत, आणि आपली कल्पना एकेका तुकड्याशी ताडून पाहावी. भूमितीत पक्ष आणि साध्य वेगळे काढता, तशीच ही सवय आहे.

हळदीचे प्रकरण

प्रसिद्ध कागद शोधण्याला किती मोल आहे, हे एका खऱ्या घटनेवरून पाहू.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेचे ५४,०१,५०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याचा पहिला दावा थोडक्यात असा होता : हळदीची भुकटी परिणामकारक मात्रेत देऊन जखम भरून आणण्याची पद्धत. कापल्यावर हळद दाबणे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मग हे पेटंट मिळाले कसे?

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शोध नवा आहे की नाही, हे तपासनीस आधी उपलब्ध असलेल्या माहितीशी ताडून ठरवितो. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशात लोक एखादी गोष्ट करतात एवढे पुरत नसे. ती छापील मजकुरात आलेली असावी लागे. घरातील आजीला हळदीचा गुण माहीत होता, पण आजीचे ज्ञान तपासनिसाच्या टेबलावर कागदाच्या रूपात नव्हते.

त्या वेळी भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांचा जन्म गोव्यातील माशेलचा. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटाची फेरतपासणी मागितली आणि पुरावा म्हणून ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी भाषांतील जुने मजकूर होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ साली अमेरिकन पेटंट कार्यालयाने दावे अमान्य ठरविले. पुढे अशी वेळ वारंवार येऊ नये, म्हणून २००१ पासून आपल्याकडील पारंपरिक ज्ञान इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी आणि स्पॅनिश अशा पाच भाषांत नोंदवून पेटंट तपासनिसांना उपलब्ध करून देण्याचे काम सुरू झाले.

या प्रकरणात जुने, छापील आणि तारखेसह असलेले कागद शोधून काढणे, हेच निर्णायक ठरले. आजच्या भारतीय कायद्यात पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. शिवाय अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती पुराव्यासह लेखी हरकत घेऊ शकते. पण हरकत घ्यायची तर अर्ज आधी वाचनात यावा लागतो, आणि पुरावा शोधता यावा लागतो!

भांडार कोठे आहे?

विदर्भातील वाचकांना हे ठाऊक असावे की, जगभरातील पेटंटांचे तपशील जमविण्यासाठी भारत सरकारने 'पेटंट माहिती प्रणाली' हे केंद्र १९८० साली नागपुरातच स्थापन केले. एके काळी अशा माहितीसाठी तुमसरहून गाडीने नागपूर गाठावे लागले असते. आज शाळेच्या संगणकावर किंवा घरच्या मोबाइलवरही हे काम होते. पुढील चार ठिकाणे विनामूल्य आहेत :

१. भारतीय पेटंट कार्यालयाचा 'इनपास' हा शोधविभाग. भारतात केलेले व प्रसिद्ध झालेले अर्ज, मंजूर पेटंटे आणि त्यांची सद्यःस्थिती येथे पाहावी. याच कार्यालयाचे पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघते, तेही फुकट वाचता येते.

२. युरोपीय पेटंट कार्यालयाचे 'एस्पासनेट'. यात अनेक देशांचे मिळून १५ कोटींहून अधिक कागद आहेत. वर्गाप्रमाणे शोध घेण्यास हे सर्वांत सोयीचे.

३. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे 'पेटंटस्कोप'. एकाच वेळी अनेक देशांसाठी केलेले आंतरराष्ट्रीय अर्ज पाहण्यासाठी हे वापरावे.

४. 'गूगल पेटंट्स'. हे २००६ मध्ये सुरू झाले. सुरुवात करण्यास सोपे; चिनी किंवा जपानी पेटंटांचे यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतरही येथे मिळते.

एकाच ठिकाणी शोधून थांबू नये. एकात न सापडलेला कागद दुसऱ्यात सापडतो.

एक शोध प्रत्यक्ष घेऊन पाहू

आपला विषय घेऊ : 'कोरड्या विद्युत घटातील मँगनीज डायऑक्साइड.'

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहा. नुसते 'बॅटरी' असे शोधाल तर लाखो कागद समोर येतील आणि एकही उपयोगी पडणार नाही. 'ओलावा न सांडणारा घट बनविताना मँगनीज डायऑक्साइड कसा वापरतात?' असा नेमका प्रश्न हवा.

दुसरी पायरी : प्रत्येक शब्दाला पर्याय लिहा. भांडारातील बहुतेक शोध इंग्रजी शब्दांनीच घ्यावा लागतो, म्हणून हे पर्याय इंग्रजीत हवेत. घटाला बॅटरी, ड्राय सेल, प्रायमरी सेल, गॅल्व्हॅनिक सेल अशी नावे आहेत. मँगनीज डायऑक्साइडला जुन्या कागदांत 'पेरॉक्साइड ऑफ मँगनीज' किंवा 'ब्लॅक ऑक्साइड' म्हटलेले आढळते आणि खनिज म्हणून 'पायरोल्यूसाइट'. आजचेच नाव धरून बसलात, तर शंभर वर्षांपूर्वीचा कागद तुम्हाला दिसणारच नाही. दोन पर्यायांमध्ये 'ऑर' आणि दोन वेगळ्या कल्पनांमध्ये 'अँड' लिहावे. दोन शब्द जोडूनच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत.

तिसरी पायरी : वर्ग शोधा. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात, तशीच पेटंटेही लावलेली असतात. यासाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा करार १९७१ साली स्ट्रासबर्ग येथे झाला. त्यात ए ते एच असे आठ विभाग आहेत. एच म्हणजे वीज. 'एच०१एम' म्हणजे रासायनिक ऊर्जेचे थेट विजेत रूपांतर करणारी साधने. त्यातील '६/०६' म्हणजे कोरडे घट, आणि '४/५०' म्हणजे विद्युतअग्रांसाठी वापरलेली मँगनीजची ऑक्साइडे. खनिजापासून मँगनीज धातू मिळविण्याचा वर्ग 'सी२२बी ४७/००' असा आहे. वर्गाचा मोठा फायदा असा की, शोधकाने कोणताही शब्द वापरलेला असो, कागद जर्मन असो वा जपानी, त्याचा संकेतांक तोच राहतो.

चौथी पायरी : एक चांगला कागद सापडला की त्याचा धागा धरा. आपल्या विषयात असा एक कागद म्हणजे जर्मनीच्या कार्ल गासनर याचे १५ नोव्हेंबर १८८७ चे अमेरिकन पेटंट, क्रमांक ३,७३,०६४. शोधताना क्रमांकात स्वल्पविराम न घालता त्यापुढे देशाची 'यूएस' ही अक्षरे जोडावीत.

हा कागद वाचण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी आठवा. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ साली जस्ताची कांडी, नवसागराचे द्रावण आणि कार्बनभोवती मँगनीज डायऑक्साइड, असा घट बनविला होता. त्यातील रसायनशास्त्र चांगले होते, पण बरणी कलंडली की द्रावण सांडे. गासनरने द्रावणाऐवजी प्लास्टर, नवसागर, जस्ताचे क्षार आणि पाणी यांचा घट्ट बसणारा लगदा वापरला, आणि जस्ताचेच भांडे करून तेच घटाचे ऋण अग्र केले. घट आडवा करता येऊ लागला! रसायन बहुतांशी जुनेच होते; नवेपणा होता तो या मांडणीत. शोध म्हणजे सर्वस्वी नवी वस्तूच असावी असे नाही, ही गोष्ट असा कागद वाचताना चटकन पटते.

आता पुढे या. १५ नोव्हेंबर १९६० चे अमेरिकन पेटंट क्रमांक २९,६०,५५८ पाहा. त्यावर मार्सल, कॉर्डेश आणि उरी अशी तीन शोधकांची नावे आहेत. आज दुकानात मिळणाऱ्या अल्कलाइन घटाचा हा पूर्वज होय. यात धन अग्राला मँगनीज डायऑक्साइडच आहे; पण जस्ताच्या भांड्याऐवजी जस्ताची भुकटी आणि नवसागराऐवजी अल्कली आली. भुकटीचा पृष्ठभाग जास्त असल्याने अभिक्रियेला जागा जास्त मिळते, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकलाच आहात. साधारणपणे १९४७ नंतरच्या अमेरिकन पेटंटांत तपासनिसाने पाहिलेल्या जुन्या कागदांची यादी छापलेली असते. तिच्या आधारे भूतकाळात जाता येते, आणि 'या पेटंटाचा उल्लेख कोणी केला' या यादीवरून पुढच्या काळात येता येते.

पाचवी पायरी : नोंदवही ठेवा. तारीख, ठिकाण, वापरलेले शब्द, वर्ग, सापडलेला क्रमांक आणि एका ओळीत सार, असे सहा रकाने आखा. न सापडलेला शोधही नोंदवा, म्हणजे तोच पुन्हा करावा लागणार नाही.

सापडलेल्या कागदाची किंमत

येथे चार गोष्टींची सावधगिरी हवी.

पहिली, प्रसिद्ध झालेला अर्ज म्हणजे मंजूर पेटंट नव्हे. क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असते. भारतात 'ए' म्हणजे प्रसिद्ध झालेला अर्ज आणि 'बी' म्हणजे मंजूर पेटंट. मात्र जुन्या अमेरिकन पेटंटांपुढे, ती मंजूर असूनही, 'ए' लावलेले दिसते.

दुसरी, पेटंट ज्या देशाने दिले त्या देशापुरतेच असते. शिवाय ते टिकविण्यासाठी ठराविक शुल्क भरावे लागते. शुल्क थांबले की मुदतीआधीच हक्क संपतो. म्हणून सद्यःस्थिती त्या त्या देशाच्या कार्यालयाच्या नोंदीत पाहावी.

तिसरी, पेटंट म्हणजे उत्तम गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. तपासनीस नवेपणा पाहतो. वस्तू स्वस्त, टिकाऊ किंवा बाजारात खपणारी आहे की नाही, हे पाहत नाही. प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या कल्पनेला मात्र आपला कायदा दारातच अडवितो. इंधनाशिवाय अखंड चालून वर ऊर्जा देणारे यंत्र कोणी आणले, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पेटंट कार्यालयातही लागू आहे!

चौथी, आपल्याला सापडले नाही म्हणून ते नाहीच, असा निष्कर्ष काढू नये. 'मी या शब्दांनी, या वर्गात, या ठिकाणी शोधले आणि मला आढळले नाही' एवढेच म्हणणे शास्त्रीय आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प निवडताना हा शोध पहिल्या आठवड्यातच घ्यावा. आपली कल्पना पूर्वी कोणाला सुचली होती असे दिसले तर हिरमुसून जाऊ नका. त्याने केलेले वर्णन वाचा, त्याला कोणती अडचण सुटली नाही ते पाहा, आणि तेथून पुढे जा. गासनरने लेक्लांशेच्या बाबतीत हेच केले. आणि कल्पना खरोखर नवी वाटली, तर ती प्रदर्शनात मांडण्याआधी शिक्षकांशी बोला. कारण सर्वांसमोर एकदा उघड केलेली गोष्ट, काही ठराविक अपवाद सोडले, तर पेटंटासाठी नवी मानली जात नाही.

करून पहा

१. गासनरचे पेटंट उघडा. लगद्यातील पदार्थांचे प्रमाण त्याने भागांत दिलेले आहे. ते शोधून वहीत लिहा, आणि झिंक ऑक्साइड घालण्याचे त्याने कोणते कारण दिले आहे, ते स्वतःच्या मराठीत दोन वाक्यांत सांगा.

२. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडण्याच्या यंत्रांवर ब्रिटन व अमेरिकेत पेटंटे मिळविली. त्यांची अमेरिकन पेटंटे शोधकाच्या नावावरून काढा. इंग्रजीत त्यांचे आडनाव 'ई' या अक्षरावर संपणारे आणि 'वाय' या अक्षरावर संपणारे असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. दोन्ही करून पाहा, आणि नावाने शोध घेताना काय काळजी घ्यावी हे लिहा.

३. इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८३ मध्ये मँगनीज पोलादाचे पेटंट घेतले. सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले हे पोलाद आघात होतील तसतसे अधिक कठीण होते. म्हणून रुळांच्या सांध्यांना आणि दगड फोडणाऱ्या यंत्रांच्या जबड्यांना ते वापरतात. त्याची अमेरिकेतील पेटंटे शोधून त्यांपैकी एकाच्या दाव्याचे तुकडे पाडा.

४. शिक्षकांसाठी : वर्गाचे चार गट करून एकाच प्रश्नावर प्रत्येक गटाला वेगळे भांडार द्या. तासाच्या शेवटी फळ्यावर चारही याद्या शेजारी शेजारी लिहा, आणि एकाच गटाला सापडलेले कागद कोणते व ते इतरांना का सापडले नाहीत, यावर चर्चा घ्या.